दोन तारा, दोन संस्कार

घरात इंटरनेट घ्यावयाचे तर ते टेलिफोनच्या तारेवरून घ्यावे की केबलच्या, हा प्रश्न गेल्या वीस वर्षांत मध्यम स्थितीतील बहुतेक कुटुंबांत एकदा तरी चर्चिला गेला असेल. अशा चर्चेत तरुण मंडळी वेगाचे आकडे सांगतात, वडील मंडळी मासिक भाड्याचे आकडे सांगतात, आणि अखेरीस ज्याचा माणूस आधी दाराशी येऊन तार ओढून देतो त्याचे इंटरनेट घेतले जाते. हल्ली प्रकाशतंतूच्या प्रसारामुळे या दोन्ही तारा मागे पडू लागल्या आहेत. तेव्हा हा वादच आता शिळा झाला, असे कोणी म्हणेल. आमचे मत निराळे आहे. या दोन तारांतील भेद ज्याला नीट समजला, त्याला तिसऱ्या तारेविषयी काय विचारावे हेही समजते. आणि घरातील एखाद्या माणसावर विनाकारण येणारा दोष टाळता येतो. हे दुसरे कारण आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते, आणि ते केवळ तर्काने सुचलेले नाही.

आमचा जन्म संस्कृत शिकविण्यात गेला. विजेचे शास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु ज्या वस्तूसाठी दरमहा पैसे मोजावयाचे ती कशी चालते याची चौकशी करण्यास पदवी लागत नाही. आम्ही चौकशी केली, आणि आम्हांस असे आढळले की माणसाप्रमाणे तारेवरही लहानपणी संस्कार होतात. ज्या कामासाठी ती प्रथम घातली गेली, त्या कामाची खूण तिच्यावर कायम राहते. पुढे तिच्याकडून कितीही निराळे काम करून घेतले तरी मूळ स्वभाव मधूनमधून डोके वर काढतोच.

प्रथम टेलिफोनच्या तारेचे पाहू. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे पहिली टेलिफोन एक्स्चेंजे जानेवारी १८८२ मध्ये उघडली. टेलिफोनचा हेतू एकच : एका माणसाने दुसऱ्याशी बोलावे आणि तिसऱ्याने ते ऐकू नये. म्हणून प्रत्येक घरासाठी तांब्याच्या दोन बारीक तारांची एक स्वतंत्र जोडी एक्स्चेंजपर्यंत नेलेली असते. या दोन तारांना एकमेकींभोवती पीळ घातलेला असतो, तो शोभेसाठी नव्हे. पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो व त्यामुळे बव्हंशी वजा होतो. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची असून तिचे पेटंट १८८१ सालचे आहे.

मनुष्याचे बोलणे समजण्यास सेकंदास सुमारे ३,४०० कंपनांपर्यंतचा ध्वनी पुरतो. टेलिफोनची तार शंभर वर्षे तेवढेच काम करीत राहिली; तिच्यावरची बाकीची जागा रिकामी होती. डीएसएल म्हणजे या रिकाम्या जागेचा उपयोग. एखाद्या वाड्याच्या तळमजल्यावर मालक राहत असावा आणि वरचे मजले ओस असावेत, तेथे पुढे भाडेकरू यावेत, तसा हा प्रकार आहे. तळमजल्यावर पूर्वीप्रमाणे बोलणे चालते. त्यावर, सेकंदास सुमारे २५,००० ते १,३८,००० कंपनांच्या पट्ट्यात, आपल्या घरातून बाहेर जाणारा मजकूर असतो. आणि त्याच्याही वर, सुमारे ११,०४,००० कंपनांपर्यंत, बाहेरून घरात येणारा मजकूर असतो. टेलिफोनशेजारी जी लहानशी पांढरी डबी बसवीत असत, तिचे काम या भाडेकऱ्यांना एकमेकांच्या जिन्यावर येऊ न देण्याचे. ती डबी काढली की टेलिफोनमध्ये खरखर सुरू होई, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. आपल्याकडे भारत संचार निगमने ही सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू केली. त्या वेळी सरकारी धोरणाप्रमाणे सेकंदास २५६ किलोबिट इतक्या वेगास ब्रॉडबँड म्हणत. बिटाचे बाइट करावयाचे तर आठाने भागावे लागते. म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाइट. तेवढ्यावर आम्ही संतुष्ट होतो. पुढे जानेवारी २०२३ मध्ये सरकारने ही किमान मर्यादा २ मेगाबिटांवर नेली.

या तारेचा दोष अंतराचा. कंपने जितकी शीघ्र तितकी ती तांब्याच्या बारीक तारेत लवकर क्षीण होतात. त्यामुळे एक्स्चेंजजवळच्या घरात वरचे मजले शाबूत असतात आणि दूरच्या घरात ते एकेक करून ढासळतात. या पद्धतीची सुधारलेली आवृत्ती अगदी जवळ २४ मेगाबिटांपर्यंत वेग देऊ शकते. पाच किलोमीटरांच्या आसपास तिच्यात फारसे त्राण उरत नाही. पुण्यात सदाशिव पेठेतील आमच्या वाड्यापासून एक्स्चेंज दीड किलोमीटरच्या आत होते, म्हणून ठरलेले ८ मेगाबिट आम्हांस पुरेपूर मिळत. आमच्या भगिनी धायरीस राहत. त्याच योजनेचे तेवढेच भाडे त्या भरीत, पण त्यांचा वेग तीनाच्या वर कधी गेला नाही. यात कोणी लबाडी केली होती असे नव्हे. तांबे सर्वांशी सारखेच वागते, घरे मात्र सारख्या अंतरावर नसतात.

आता केबलची तार. तिचा जन्म बोलण्यासाठी झालेलाच नाही. तो दाखविण्यासाठी झाला. अमेरिकेतील डोंगराळ गावांत टेलिव्हिजनचे चित्र नीट दिसत नसे, म्हणून १९४८ च्या सुमारास उंचावर एक मोठा अँटेना उभारून तेथून तारेने घरोघर चित्र पोहोचविण्याचा उद्योग सुरू झाला. आपल्याकडे १९९१ नंतर, उपग्रहावरील वाहिन्या दिसू लागल्यावर, गल्लोगल्ली असे केबलवाले निघाले आणि १९९५ साली त्यांच्यासाठी कायदाही झाला. ही तार जाड असते. मध्ये तांब्याचा एक गाभा, त्याभोवती वीज न वाहणारा थर, त्यावर धातूची जाळी आणि सर्वांवर काळे आवरण. जाळीच्या या चिलखतामुळे आतील लहरी बाहेर सांडत नाहीत व बाहेरचा गोंगाट आत शिरत नाही. त्यामुळे सेकंदास ८६ कोटी कंपनांपर्यंतचा पट्टा तिच्यावर सहज चालतो. टेलिफोनच्या तारेवर सुधारलेल्या पद्धतीतही जेमतेम २२ लाख कंपने वापरता येत होती, हे लक्षात घेतले म्हणजे दोहोंच्या रुंदीत सुमारे चारशेपटीचे अंतर आहे हे कळेल.

पण ही रुंदी एका घराची नसते. टेलिव्हिजनचे चित्र सर्वांस एकच; म्हणून केबलची एकच मुख्य तार गल्लीतून जाते आणि तिला घरोघरच्या फांद्या फुटतात. १९९७ साली अमेरिकेत या तारेवरून इंटरनेट नेण्याचे सर्वमान्य नियम प्रसिद्ध झाले. त्यांना डॉक्सिस म्हणतात. त्या नियमांप्रमाणे टेलिव्हिजनच्या एका वाहिनीएवढ्या जागेतून सुमारे ३८ मेगाबिट वाहतात, आणि ते त्या फांदीवरील सर्व घरांत वाटून घ्यावयाचे असतात. पुढे अशा अनेक वाहिन्या एकत्र बांधून वेग पुष्कळ वाढविण्यात आला, परंतु वाटणी कायम राहिली. पहाटे सर्व निजलेले असताना जो वेग मिळतो तो रात्री नऊ वाजता मिळत नाही, याचे कारण हेच. टेलिफोनची तार म्हणजे घरचा आड. पोहरा लहान, पण रांग नाही. केबल म्हणजे चौकातील मोठा हौद. पाणी विपुल, परंतु सगळी आळी एकाच वेळी घागरी घेऊन आली म्हणजे तंटा.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा की डीएसएल कोठेच वाटले जात नाही. घरापासून एक्स्चेंजपर्यंतची तार स्वतंत्र, हे खरे; पण एक्स्चेंजच्या पुढचा रस्ता सर्वांचा एकच, आणि तो अरुंद असेल तर गर्दी तेथे होते. दुसरा असा की केबलवाल्याने दिलेले सर्व इंटरनेट केबलचेच. आपल्या शहरांत कित्येक केबलवाल्यांनी टेलिव्हिजनच्या तारेशेजारी संगणक जोडण्याची निराळी बारीक तार गच्च्यांवरून नेली आणि तिच्यातून इंटरनेट दिले. ती पद्धत निराळी व तिचे गुणदोषही निराळे. भिंतीतून आत आलेली तार कोणती आहे, हे डोळ्यांनी पाहावे. आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर चिरंजीवांनी घेतलेली तार खरोखरीच ती काळी, जाड, टेलिव्हिजनची होती.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या दोन्ही तारांत एक गोष्ट समान आहे, आणि जाहिरातींत ती सर्वांत लहान अक्षरांत छापलेली असते. दोहोंमध्ये घरात येणारा ओघ मोठा आणि घरातून जाणारा ओघ लहान ठेवलेला आहे. डीएसएलमध्ये असे का केले याची हकिकत मनोरंजक आहे. अमेरिकेतील बेलकोर संस्थेतील जोसेफ लेक्लायडर यांनी १९८० नंतरच्या दशकात असा विचार मांडला की, एक्स्चेंजपाशी शेकडो जोड्या एकाच जुडग्यात येतात. तेथून निघणारा संदेश जोरदार असतो, तर दुरून आलेला संदेश थकलेला असतो, आणि शेजारच्या तारेवरील जोरदार संदेशात तो बुडून जातो. दोन्ही दिशांस सारखा वेग देण्याचा हट्ट सोडला तर हा उपद्रव पुष्कळ कमी होतो. शिवाय त्या वेळी कंपन्यांना या तारेवरून घरोघर चित्रपट पाठवावयाचे होते. घरातून काही मोठे बाहेर जाईल अशी कल्पनाच नव्हती. केबलची गोष्ट याहून स्पष्ट आहे. ती तार मुळात एकाच दिशेची. उलट दिशेसाठी तिच्यावर तळाशी उरलेला अरुंद पट्टा देण्यात आला. अमेरिकेत तो सेकंदास ५० लाख ते ४ कोटी २० लाख कंपनांचा होता. त्यातही सर्व घरांचा उलट ओघ एकाच खोडात येऊन मिळतो, त्यामुळे एका घरातील सैल जोडातून शिरलेला गोंगाट साऱ्या गल्लीस बाधतो. एकत्र कुटुंबात राहिलेल्यास हे निराळे समजावून सांगावयास नको.

सारांश, कुटुंब म्हणजे ऐकणारी व पाहणारी मंडळी, अशी कल्पना करून या तारांचा हिशेब मांडला गेला. घरातूनही कोणी दिवसभर बोलेल, शिकवील, हे त्या हिशेबात नव्हते.

ही उणीव २०२० साली उघडी पडली. मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली आणि जूनमध्ये शाळा घरातून सुरू झाल्या. आमच्या सूनबाई एका खासगी शाळेत पाचवीच्या वर्गास शिकवितात. वरच्या मजल्यावर वेग जास्त म्हणून त्यांनी आपली बैठक तेथे मांडली. जाहिरातीतला आकडा ४० मेगाबिटांचा होता. पहिल्या आठवड्यातच पालकांच्या तक्रारी आल्या : बाईंचे बोलणे तुटक येते, बाई मध्येच थांबतात, बाईंची तयारी नसते. एका पालकाने तर, बाईंना विषयच येत नसावा, असे सर्वांस वाचता येईल अशा रीतीने लिहिले. मुख्याध्यापिकांनी लेखी खुलासा मागितला. सूनबाईंनी यातले अक्षरही घरात काढले नाही. त्या पहाटे उठून पाठाची टिपणे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा काढीत असत, हे आमच्या थोरल्या वहिनींनी पाहिले, आणि आमच्या नातवाने खरे कारण सांगितले तेव्हा आम्हां सर्वांस कळले.

ज्याने आयुष्यभर वर्गात उभे राहून शिकविले त्याला या आरोपाची धार कळते. शिक्षकाजवळ वाणीवाचून दुसरे साधन नाही. एखाद्या स्वराची मात्रा गेली तर ‘दीन’चे ‘दिन’ होते हे आम्ही मुलांस सांगत आलो. येथे तर सबंध शब्दच गिळले जात होते, आणि गिळणारी तार होती, बाई नव्हत्या.

चिरंजीव व पुतण्या या दोघांनी चार दिवस पहाटे सहा, सकाळी दहा, दुपारी दोन व रात्री नऊ या वेळी दोन्ही तारांचा वेग मोजून एका वहीत लिहिला. निकाल बोलका होता. केबलवर खाली येणारा वेग दहा वाजताही वीसच्या वर होता; वर जाणारा मात्र, जो पहाटे २ मेगाबिट असे, तो दहा वाजता एका मेगाबिटाच्या पावाहूनही खाली जाई आणि क्षणाक्षणास बदले. कारण उघड होते. त्या वेळी आळीतील सर्व शिक्षक, सर्व कारकून, सर्व विद्यार्थी एकाच अरुंद पट्ट्यातून एकदम बोलत होते. टेलिफोनच्या तारेवर वर जाणारा वेग अवघा ०.८ मेगाबिट होता. पण तो सहा वाजता तितकाच, दहा वाजता तितकाच आणि रात्रीही तितकाच. नुसता आवाज नीट पोहोचविण्यास १०० किलोबिटांच्या आतच पुरते. म्हणजे गरजेच्या आठपट जागा माजघरातील त्या जुन्या टेलिफोनपाशी रिकामी पडून होती.

दुसऱ्या दिवसापासून सूनबाई माजघरात बसल्या. चित्र बंद ठेवून त्या आवाजाने शिकवू लागल्या. फळ्यावरील मजकुराची छायाचित्रे आदल्या रात्री पाठविण्याची पद्धत ठेवली. पुतण्याने आपले कचेरीचे काम व मुलांचे पाहणे वरच्या मजल्यावर ठेवले. ज्यास घ्यावयाचे आहे त्याने केबल वापरावी, ज्यास द्यावयाचे आहे त्याने टेलिफोन वापरावा, असा घरात नियम झाला. सूनबाईंनी वहीतील कोष्टक खुलाशासोबत जोडले. शाळेतील आणखी काही बाईंनी तसेच मोजमाप केले आणि तसाच निकाल आला. तक्रारी थांबल्या. मात्र ज्यांनी ठपका ठेवला होता त्यांच्यापैकी कोणी तो मागे घेतला नाही. तो नुसता विसरला गेला. दोष देण्याची घाई माणसे करतात, परत घेण्याची करीत नाहीत.

या अनुभवावरून टेलिफोनची तार श्रेष्ठ, असा सिद्धांत काढणे बरोबर होणार नाही; देशकालाप्रमाणे निकाल बदलतो. आमची पुतणी जर्मनीत श्टुटगार्टला असते. त्या देशात २०२४ सालीही घरगुती जोडांपैकी निम्म्याहून अधिक डीएसएलचेच होते. पण तेथे प्रकाशतंतू रस्त्यावरील पेटीपर्यंत आणून शेवटचे काही शे मीटरच तांबे ठेवलेले असते. त्यामुळे तिला १०० मेगाबिट खाली व ४० वर मिळतात आणि तिच्या मुलांस आम्ही शब्दरूपे शिकवितो तेव्हा तिकडचा विसर्गही स्पष्ट ऐकू येतो. दोष तांब्याचा कमी व लांबीचा अधिक, हे यावरून दिसते. उलट अमेरिकेत केबलच सर्वांत अधिक घरांत आहे, आणि तेथील एटी अँड टी कंपनीने तर ऑक्टोबर २०२० पासून डीएसएलचे नवे जोड देणेच बंद केले. न्यू जर्सीतील आमच्या भाच्यास केबलवर ३०० मेगाबिट खाली मिळतात, वर अवघे २०. तो तिकडील मंडळाच्या कीर्तनांचे चित्रण करून इकडे पाठवितो. १० गिगाबाइटांचे चित्रण उतरवून घेण्यास त्याला साडेचार मिनिटे लागतील; तेच पाठविण्यास एक तास सात मिनिटे लागतात. घेण्याची सोय उदंड, देण्याची बेताची, हा केबलचा मूळ संस्कार इतक्या श्रीमंत वेगातही सुटलेला नाही.

२०२२ साली आमच्या वाड्यात प्रकाशतंतू आला व दोन्ही जुन्या तारा निवृत्त झाल्या. काचेच्या या केसासारख्या धाग्यात अंतराचा दोष जवळजवळ नाही, आणि पुष्कळ योजनांत दोन्ही दिशांचा वेग सारखा असतो, हे खरोखर मोठे सुख आहे. परंतु वाटणी तेथेही आहे. घरोघर दिल्या जाणाऱ्या प्रचलित पद्धतीत एका धाग्यावर सेकंदास सुमारे अडीच गिगाबिट खाली व सव्वा गिगाबिट वर जातात, आणि तो धागा ३२ किंवा ६४ घरांत विभागलेला असतो. हौद फार मोठा झाला, एवढेच. घागरी मोजावयाच्या राहिल्याच.

म्हणून नवी तार घेणाऱ्या गृहस्थास आमचे सांगणे असे की मोठ्या अक्षरांतील आकड्यावर संतुष्ट राहू नये. वर जाणारा वेग किती, हे प्रथम विचारावे. हा वेग किती घरांत वाटला जातो, हे नंतर विचारावे. आणि तार घेतल्यावर पहिल्या आठवड्यात सकाळी दहा व रात्री नऊ या दोन गर्दीच्या वेळी तो स्वतः मोजून लिहून ठेवावा. कारण पहाटेचा आकडा कोणाच्याही कामाचा नसतो. घरात कोणी शिकविणारे, गाणारे, दुरून औषधोपचार सांगणारे किंवा परगावच्या आईशी रोज बोलणारे असेल, तर निवड त्या माणसाकडे पाहून करावी. चित्रपट पाहणाऱ्याकडे पाहून नव्हे.

आणि ज्यांच्या मुलांस कोणी दुरून शिकवीत असेल त्या पालकांस एक विनंती. पलीकडचा आवाज तुटला, शब्द गळाले, बाई मध्येच थांबल्याशा वाटल्या, तर त्यांच्या विद्वत्तेविषयी काही लिहिण्यापूर्वी त्यांना एवढेच विचारावे : “बाई, आपल्याकडची तार कोणती?”